फादर, ब्रदर किंवा सिस्टरविरुद्ध तक्रार आली तर धर्मसंघाने काय करायचं, अगदी पहिल्या तासापासून

आमच्या वसईत फादर-सिस्टरांच्या बदल्या बहुतेक मे-जूनमध्ये होतात. निरोप समारंभ, शाल, केक, रडारड, सगळं ठरलेलं. पण एखादी बदली मध्येच ऑक्टोबरात झाली, निरोप नाही की भाषण नाही आणि रविवारच्या मिस्साला एकदम नवीनच फादर आल्तारवर उभे, की मागच्या बाकावरच्या आज्या एकमेकींकडे बघतात. विचारत कुणी नाही, सांगत तर नाहीच. आता दरवेळी त्यात काळंबेरं असतंच असं नाही, माणूस आजारीही पडतो. पण लैंगिक शोषणाची तक्रार आली की बदली करून मोकळं व्हायचं, हे बोस्टनमध्ये झालंय, आयर्लंडमध्ये झालंय, ऑस्ट्रेलियात झालंय.

हा लेख मुख्यतः धर्मसंघांसाठी आहे, म्हणजे ज्या घरात व्रतस्थ लोक एकत्र राहतात, शाळा-बोर्डिंग-दवाखाने चालवतात आणि जिथे सुपीरियर (घराचे किंवा संघाचे प्रमुख) सांगेल ती पूर्व दिशा असते. मी वकील नाही, सिस्टरही नाही. बालसुरक्षा कमिटीवर काही वर्षं काढलेली बाई आहे. आमच्या कमिटीकडे पहिली तक्रार आली तेव्हा आम्ही काय केलं? मीटिंग घेतली. मग आणखी एक मीटिंग घेतली. सगळे भले लोक होते, प्रार्थनेने सुरुवात करत होतो, चहा-बिस्किटं होती, आणि त्या सगळ्या दिवसांत आरोप असलेला माणूस रोज त्याच मुलांमध्ये वावरत होता. माझी स्वतःची लाज सांगून सुरुवात करते, कारण पुढचं सगळं तिथूनच शिकलेलं आहे.

खरं तर पहिली पायरी पूर्वतयारी असायला हवी. पण असले लेख लोक शोधतात तेव्हा घराला आग लागलेली असते, म्हणून तयारीचं शेवटी सांगते आणि थेट तक्रारीपासून सुरू करते.

ऐकायचं कसं

मूल किंवा नोव्हिस (व्रत घेण्याआधी शिकाऊ काळात असलेली व्यक्ती) किंवा सिस्टर तुमच्याकडे येऊन काहीतरी अर्धवट बोलेल. पूर्ण वाक्यात, तारीखवार तक्रार कुणीच करत नाही. “मला त्या सरांच्या खोलीत जायचं नाहीये” एवढंच असेल. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून बसायचं आणि ऐकायचं. “कुणाला सांगणार नाही” असं वचन मात्र देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही आणि मोडलंत की त्या मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा तुटेल. त्याऐवजी सांगा, की मी हे गावभर करणार नाही, पण तुला मदत करायची तर ज्यांना सांगणं भाग आहे त्यांना सांगावं लागेल आणि कुणाला सांगितलं ते तुला कळवेन.

प्रश्न कमीत कमी. कुठे, कधी, कोण, आत्ता तू सुरक्षित आहेस का, बस. पोलिसांचं काम आपण करायचं नसतं. एकाच मुलाला हेडमास्तरीण, मग मॅनेजर, मग सुपीरियर, मग प्रॉव्हिन्शियल (संघाच्या प्रांताचे प्रमुख) अशा चौघांनी चार वेळा वदवून घेतलं तर पुढे कोर्टात त्याच चार जबान्यांमधल्या तफावती दाखवून केस पाडतात. आणि मुलाचे हाल होतात ते वेगळेच. मूल गेल्यावर लगेच कागद घ्या, त्याच्या शब्दांत लिहा (त्याने घरातला शब्द वापरला असेल तर तोच, त्याचं शुद्ध मराठी करू नका), तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि सही.

“क्षमा कर”, “क्रूस समजून सोस”, “देवाची परीक्षा आहे” हे त्या दिवशी तरी कृपा करून नको. आणि आरोप असलेल्याला बोलावून समोरासमोर सोक्षमोक्ष तर अजिबातच नको, आपल्याकडे हा पंचायती उत्साह फार.

कुमसारात, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देताना, सांगितलं तर? हा प्रश्न प्रत्येक ट्रेनिंगला येतो. चर्चच्या कायद्यात कुमसाराचं गुपित फोडायला कुठलीही सूट नाही, आणि पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्यात कळवण्याच्या जबाबदारीतून कुमसार घेणाऱ्याला वेगळी सूट लिहिलेली नाही. त्यामुळे दोन्हींची टक्कर होऊ शकते हे खरंय. व्हॅटिकनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत फादरांना सांगितलंय, की पीडित व्यक्तीला हीच गोष्ट कुमसाराबाहेर कुणाला तरी सांगायला समजावा. व्यवहारात त्याचा अर्थ, “बाळा, बाहेर व्हरांड्यात ये, तिथे मला पुन्हा सांग” किंवा “चल, त्या बाईंकडे आपण दोघं जाऊ.” कुमसाराचं गुपित आहे म्हणून हात वर करणं ही पळवाट झाली.

मूल असेल तर: पोलीस, त्याच दिवशी

इथे चर्चा नाही. १८ वर्षांखालचं कुणीही असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. ‘ज्याला कळलं’ यात फादर आले, सिस्टर आल्या, स्वयंपाकीण आली, मी आले. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. कायद्यात तास मोजून दिलेले नाहीत, पण माझा हिशोब एकच, सूर्य मावळायच्या आत. आधी प्रॉव्हिन्शियलची परवानगी, मग बिशपांची भेट, मग वकिलाचं मत, असली रांग कायद्यात कुठेच नाही. सुपीरियरना फोन जरूर करा, पण तो ‘कळवतेय’ म्हणून करा, ‘विचारतेय’ म्हणून नको. आज्ञाधारकतेचं व्रत घेतलेल्या बाईला हे किती जड जातं ते मी पाहिलंय, म्हणूनच हे आधीच कागदावर मंजूर करून ठेवायचं असतं, त्याकडे येतेच.

लोक पोलिसांना घाबरतात ते पोलीस चौकीच्या कल्पनेमुळे. पण मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला हवा त्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला सब-इन्स्पेक्टर किंवा वरच्या अधिकाऱ्याने, तेही गणवेशात नाही. मुलाला रात्री चौकीत ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष कोर्टाला कळवायचं असतं. दवाखान्यात तातडीच्या उपचारासाठी डॉक्टर आधी एफआयआर दाखवा असं म्हणू शकत नाहीत. अंगावरचे कपडे धुवू नका, कागदी पिशवीत ठेवा. समितीकडून मुलासाठी सपोर्ट पर्सन मागा, केस संपेपर्यंत कुटुंबाला धरून राहणारं माणूस मिळतं, आणि ही सोय आहे हे निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं. काहीच सुचत नसेल तर १०९८, चाइल्डलाइन.

एक गोष्ट संस्थांनी नीट वाचावी: धार्मिक किंवा शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा स्टाफमधल्या माणसाने त्याच संस्थेत मुलावर बलात्कार केला तर कायदा तो जास्त गंभीर गुन्हा मानतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा २० वर्षं.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर मुंबई आठवा. शिवाजीनगर भागातल्या चर्चमधल्या एका फादरला २०१५ च्या प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये विशेष कोर्टाने जन्मठेप दिली. त्या मुलाचं कुटुंब आधी चर्चमधल्या वरिष्ठांकडे गेलं होतं, पोलिसांकडेही शेवटी तेच गेले. २०१९ च्या फेब्रुवारीत रोममध्ये पोपनी बोलावलेल्या बालसुरक्षा परिषदेच्या आयोजकांमध्ये मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशियस होते, आणि नेमकं त्याच सुमारास बीबीसीच्या बातमीमुळे त्यांना मान्य करावं लागलं की आपल्याकडच्या तक्रारी अधिक चांगल्या रीतीने हाताळता आल्या असत्या. माणूस वाईट होता असं मला म्हणायचंच नाहीये. सवय वाईट होती, आधी आत बघू मग बाहेर, ही.

सज्ञान सिस्टर किंवा नोव्हिस असेल तर

इथे मात्र निर्णय तिचा. तक्रार पोलिसात करायची की नाही हे तिने ठरवायचं आणि आपण तिला दोन्ही रस्ते स्वच्छ दाखवायचे, एका रस्त्यावर काटे टाकून दुसरा ‘सुचवायचा’ नाही. ती शाळेत-दवाखान्यात काम करत असेल तर २०१३ च्या पॉश (कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या) कायद्याखालची अंतर्गत समिती आहे (दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती), तिथे तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन. म्हणजे ‘जरा तपश्चर्याकाळ संपू दे, ईस्टरनंतर बघू’ यात मुदत निघून जाते हे लक्षात घ्या.

आता खरी अडचण. सामान्य बाईवर असा प्रसंग आला तर ती निदान माहेरी जाऊ शकते. सिस्टरकडे काय असतं? गरिबीचं व्रत म्हणून स्वतःचं बँक खातं नाही. आधार, पासपोर्ट, डी.एड.चं सर्टिफिकेट, सगळं प्रोव्हिन्सच्या कपाटात. मोबाइलचं बिल संघ भरतो. डॉक्टर संघाचा, वकील संघाचा, आध्यात्मिक मार्गदर्शकही संघाने दिलेला, आणि घरी आई-वडिलांना वाटतं मुलगी गेली म्हणजे देवाची झाली, परत आली तर लोक काय म्हणतील. अशा बाईला “तू मोकळेपणी निर्णय घे” म्हणणं म्हणजे हातपाय बांधून पोहायला सांगणं. म्हणून पहिल्या आठवड्यात ठोस गोष्टी करा. मूळ कागदपत्रं तिच्या हातात. तिच्या नावावर खातं आणि त्यात रोख पैसे, हिशोब न मागता. संघाबाहेरचा वकील आणि काउन्सेलर, फी संघाने भरायची पण नाव तिने निवडायचं, आणि काउन्सेलरने सुपीरियरला रिपोर्ट द्यायचा नाही हे लेखी. राहायचं कुठे हेही तिने ठरवायचं. आणि सोबत एक मैत्रीण-सिस्टर, तिच्या पसंतीची.

केरळचं उदाहरण घ्यावंच लागतं. २०१८ च्या जूनमध्ये एका सिस्टरने जालंधरचे बिशप फ्रँको मुलक्कल यांच्याविरुद्ध पोलिसात बलात्काराची तक्रार केली. सप्टेंबरात तिच्यासोबतच्या सिस्टर कोचीत हायकोर्टाजवळ रस्त्यावर बसल्या तेव्हा कुठे अटक झाली. त्या काळात त्यांच्याच संघाने काढलेल्या पत्रकासोबत तक्रारदार सिस्टरचा फोटो छापला गेला आणि त्यावरून पोलीस केस झाली. जानेवारी २०१९ मध्ये साथ देणाऱ्या सिस्टरांना वेगवेगळ्या कॉन्व्हेंटमध्ये जायचे आदेश आले. म्हणजे पुन्हा बदली, फक्त यावेळी साक्षीदारांची. कोट्टयमच्या कोर्टाने १४ जानेवारी २०२२ ला बिशपांना निर्दोष सोडलं, त्यावर अपील झालं, आणि जून २०२३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. निकाल काय लागला हा कोर्टाचा विषय. पण तक्रार करणाऱ्या बाईला तिच्याच घरात किती ऊब मिळाली, हा प्रश्न प्रत्येक संघाने स्वतःला विचारण्यासारखा आहे आणि त्यासाठी निकालाची वाट बघायची गरज नव्हती.

हलवायचं कुणाला

आरोप असलेल्याला. नेहमी. मूल शाळा सोडणार नाही, नोव्हिस घरी जाणार नाही, सिस्टर दुसऱ्या राज्यात जाणार नाही (तिने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी). आरोप असलेल्याला मुलांपासून आणि तक्रारदारापासून लांब, जाहीर मिस्सा-प्रवचन बंद, शाळेच्या किल्ल्या आणि कॉम्प्युटर जमा. हे शिक्षा म्हणून नाही, चौकशीपर्यंतची खबरदारी म्हणून, आणि तसंच लेखी द्या. त्यालाही वकील आणि काउन्सेलर मिळाला पाहिजे, त्याच्या जीवाचीही काळजी घ्या, असे लोक कधीकधी स्वतःचं बरंवाईट करून घेतात. ठेवणार त्या घराच्या बाजूला बोर्डिंग नाही ना तेवढं एकदा जाऊन बघा. त्या घरातल्या प्रमुखाला कारण माहीत असलंच पाहिजे. “तब्येतीसाठी आलेत” असं सांगून पाठवलेला माणूस चार महिन्यांत लहान मुलांचा क्वायर शिकवायला लागतो.

चर्चमध्ये कळवायचं ते पोलिसांनंतर, पण कळवायचंच

पोप फ्रान्सिस यांचा ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ हा नियम जून २०१९ पासून लागू आहे, २०२३ मध्ये तो कायमचा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक धर्मगुरूला आणि व्रतस्थाला शोषणाबद्दल किंवा ते दडपल्याबद्दल कळलं तर बिशपांना किंवा मेजर सुपीरियरना (संघाच्या वरच्या प्रमुखांना) कळवणं बंधनकारक आहे. कळवणाऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि पीडिताला गप्प राहायची अट घालायची नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. देशाचा कायदा पाळायचाच हेही लिहिलंय. डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरचं ‘पोपचं गुपित’ (चर्चचा गोपनीयतेचा कडक नियम) उठवलं गेलं, त्यामुळे “रोमचा नियम आहे, बोलता येत नाही” ही सबब संपली. डिसेंबर २०२१ पासूनच्या सुधारित कॅनन कायद्यात (चर्चच्या स्वतःच्या कायद्यात) कलम १३९८ फक्त फादरांना नाही, तर ब्रदर-सिस्टरांना आणि चर्चमध्ये पद असलेल्या प्रापंचिकांनाही लागतं.

तक्रार थेट सुपीरियरवरच असेल तर तिच्याकडे किंवा तिच्या असिस्टंटकडे देऊ नका, वरच्या पातळीवर द्या किंवा बिशपांच्या ऑफिसमध्ये द्या, आणि पोचपावती घ्या. पोचपावती घ्यायला लाजू नका. लाइट बिलाची घेतो की नाही?

संघाची स्वतःची चौकशी पोलिसांच्या पायात येता कामा नये. फाईल, रजिस्टर, बदल्यांचे कागद, सीसीटीव्ही जपून ठेवा, काहीही फाडू-पुसू नका, साक्षीदारांना ‘तयार’ करू नका. मुलाला पुन्हा विचारायची गरज असेल तर पोलिसांना विचारून, तेही शिकलेल्या माणसाकडून.

लोकांना काय सांगायचं

काहीच सांगितलं नाही तर व्हॉट्सअ‍ॅप सांगतं. पहिल्याच रविवारी साधं निवेदन वाचा, साधारण असं: “आपल्या शाळेत काम करणाऱ्या एका व्रतस्थ व्यक्तीविरुद्ध तक्रार आली आहे. ती पोलिसांना त्याच दिवशी कळवली आहे. चौकशी होईपर्यंत त्या व्यक्तीला सर्व कामातून बाजूला ठेवलं आहे. कुणाकडे माहिती असेल तर पोलिसांकडे किंवा या नंबरवर सांगा. तक्रार कुणी केली याचा तर्क करू नका.” बस. खाली बाहेरच्या व्यक्तीचा नंबर. मुलाचं नाव, इयत्ता, गल्ली, आडनाव, काहीही नाही, ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि आपल्या गावात ‘सातवी ब मधला वेदीसेवक’ एवढं म्हटलं की झालं.

आपण अल्पसंख्य, बाहेरचे टपून बसलेत, त्यांच्या हातात कोलीत कशाला, हा युक्तिवाद हमखास येतो आणि तो अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही, भीती खरी आहे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आपण किती वर्षं मूठ झाकायची आणि तिच्यात गुदमरतंय कोण, तर आपलंच पोर ना. आणि शेवटी ते बाहेर येतंच, तेव्हा दडपल्याची बातमी मूळ बातमीपेक्षा मोठी होते.

जुनी प्रकरणं

ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने २०१७ मध्ये कॅथलिक संस्थांकडे आलेल्या दाव्यांचा हिशोब मांडला, तेव्हा घटना आणि तक्रार यांच्यात सरासरी ३३ वर्षं गेलेली दिसली. धर्मसंघांसाठी त्यातले आकडे झोप उडवणारे आहेत. १९५० ते २०१० या काळात सेंट जॉन ऑफ गॉड ब्रदर्सपैकी सुमारे ४० टक्के आणि ख्रिश्चन ब्रदर्सपैकी २२ टक्के जणांवर आरोप होते, तर धर्मप्रांत आणि संघ मिळून सगळ्या फादरांमध्ये ७ टक्के. बंद बोर्डिंग, अनाथ मुलं, बाहेरचं कुणी बघणारं नाही आणि आतला वरिष्ठ बोलणार नाही, असं सगळं एकत्र आलं होतं.

म्हणून पन्नाशीचा माणूस येऊन “मी सहावीत असताना” म्हणाला तर “आता कशाला उकरता” नको. फ्रान्समध्ये बिशपांच्या बरोबरीने तिथल्या व्रतस्थांच्या परिषदेने स्वतःहून बाहेरचं कमिशन नेमलं, न्यायव्यवस्थेतले ज्येष्ठ अधिकारी जाँ-मार्क सोवे त्याचे प्रमुख. ऑक्टोबर २०२१ चा त्यांचा अंदाज होता की १९५० पासून २ लाख १६ हजार मुलांवर फादर आणि व्रतस्थांकडून अत्याचार झाले. तेव्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या डोमिनिकन सिस्टर व्हेरोनिक मारग्रों. रिपोर्टवर नुसतं दुःख व्यक्त करून त्या थांबल्या नाहीत, व्रतस्थांच्या बाजूने वेगळं मान्यता आणि भरपाई कमिशन उभं राहिलं, प्रमुख पुन्हा बाहेरचे, माजी न्यायाधीश. पीडिताचं ऐकायचं, झालं ते मान्य करायचं, मग संघाने स्वतःच्या पैशातून भरपाई द्यायची, कमाल ६० हजार युरो.

आपल्याकडे एखादा संघ लहान प्रमाणात हे करू शकतो. बाहेरचे दोघं-तिघं घ्या, एक निवृत्त न्यायाधीश किंवा वकील, एक काउन्सेलर, शक्यतो एक बिगर-कॅथलिक. त्यांना जुन्या पर्सनल फाइल उघडून द्या. हंगामाबाहेरच्या बदल्या, तीन वर्षांत तीन घरं, “विश्रांतीसाठी” लिहिलेली पत्रं, तिथूनच धागा मिळतो. जुनी तक्रार पॉक्सोच्या आधीची असेल तर तेव्हाचा फौजदारी कायदा लागेल, वकिलाला विचारा, परस्पर “मुदत संपली” ठरवू नका.

आणि तक्रार खोटी निघाली तर?

दर ट्रेनिंगला हात वर होतो, बहुतेक वेळा पहिल्याच दहा मिनिटांत. चौकशी त्यासाठीच असते. निर्दोष ठरला तर जितक्या जाहीरपणे बाजूला ठेवलं तितक्याच जाहीरपणे परत आणा. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, आणि मुलाला खोट्या तक्रारीबद्दल शिक्षा होत नाही. पुढे चला.

तयारी, जी खरं तर आधी करायची

एक पानी ठराव करा आणि संघाच्या चॅप्टरमध्ये (निर्णय घेणाऱ्या अधिकृत सभेत) मंजूर करून घ्या: कळलेली कुणीही सिस्टर किंवा ब्रदर परवानगी न मागता पोलिसांना कळवू शकते आणि त्यामुळे आज्ञाधारकतेचं व्रत मोडत नाही. माझ्या मते सगळ्या पॉलिसी-पुस्तिकांपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं आहे. ड्रायव्हर-वॉर्डनपासून क्वायरमास्तरपर्यंत पोलीस व्हेरिफिकेशन. ऑफिसच्या दाराला काच. सहलीला दोन मोठी माणसं, एकाच्या खोलीत मुलं झोपणार नाहीत. नोव्हिसना आठवड्यातून एकदा बंद दाराआड घरी फोन करता आला पाहिजे, शेजारी कुणी उभं न राहता. कमिटीत पालक हवेत आणि अध्यक्ष संघाबाहेरचा हवा.

नंबरांचा बोर्ड लावा, १०९८, पोलीस ११२, बाहेरच्या व्यक्तीचा मोबाइल. तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, ऑफिसात नको, बाथरूमकडे जायच्या वाटेवर लावा, तिथे मूल एकटं उभं राहून वाचू शकतं. आमचा पहिला बोर्ड पॅरिश हॉलमध्ये छान फ्रेम करून लावला होता, आणि दोन महिन्यांनी बघितलं तर त्याच्यावर हाउजीचं पोस्टर चिकटवलेलं.